फ्लूची लस वॉर्डापर्यंत नेताना: नव्या इन्फेक्शन कंट्रोल नर्ससाठी

इन्फेक्शन कंट्रोलची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी हे लिहिते आहे. हात धुण्याचं ऑडिट, सुई टोचल्याची नोंद, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग हे सगळं तुम्हाला कुणीतरी शिकवेलच. स्टाफच्या फ्लूच्या लसीचं मात्र बहुतेक ठिकाणी असं होतं, की ऐन मे महिन्यात मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "यंदा सगळ्यांना लस देऊन टाका," आणि ते काम तुमच्या टेबलावर येऊन पडतं.

माझ्याकडे ते असंच आलं. पहिल्या वर्षी मी तळमजल्यावरच्या ट्रेनिंग हॉलबाहेर टेबल मांडलं, बॅनर लावला, सर्क्युलर काढलं आणि सकाळी अकरा ते एक अशी वेळ ठेवली. पाच दिवस बसले. निम्म्याहून जास्त डोस फ्रीजमध्ये तसेच राहिले. स्टाफलाच लस नकोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेवटच्या दिवशी सामान आवरताना, पिवळ्या पिशव्या घेऊन लिफ्टजवळ उभ्या असलेल्या एका मावशींनी विचारलं, "सिस्टर, ती लस आमच्यासाठी पण होती का?" पाचही दिवस त्या रोज त्या टेबलासमोरून गेल्या होत्या. मी एकदाही त्यांना हाक मारली नव्हती.

लस न घेणाऱ्यांत लसीला खरोखर विरोध असणारे थोडे असतात. बाकीच्यांना त्या वेळेत वॉर्ड सोडता आला नाही, कुणी बोलावलं नाही, किंवा मनातली शंका विचारायला माणूस मिळाला नाही. हे एकदा पटलं की आपण काय काय करायचं ते आपोआप बदलतं.

कामाची सुरुवात फेब्रुवारीत करा

आपल्या महाराष्ट्रात फ्लू प्रामुख्याने पावसाळ्यात वाढतो, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, आणि पुन्हा थोडा हिवाळ्याच्या अखेरीस. काश्मीरसारख्या ठिकाणी मुख्य लाट हिवाळ्यातच येते, त्यामुळे तिकडच्या सहकाऱ्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते हळूहळू ओसरतं. म्हणजे आपल्यासाठी लस देण्याचा चांगला काळ एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात, आणि ऑर्डर-यादीची तयारी त्याआधी, फेब्रुवारीपासून.

पण हाच काळ मुलांच्या सुट्यांचा आणि लग्नसराईचा. मे महिन्यात निम्मा स्टाफ आलटून पालटून गावी असतो. म्हणून एकच आठवडा ठेवू नका. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक फेरी आणि गावाहून परतलेल्यांसाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरी, असं ठरवा. पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यात असाल तर वारीच्या ड्युटीला कोण कोण जाणार हे आधीच विचारून घ्या आणि पालख्या निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी त्यांना लस द्या. लाखोंच्या गर्दीत, तंबूतल्या ओपीडीत ताप-खोकल्याचे रुग्ण तपासणारी ही माणसं आहेत.

लसीत फ्लूच्या कुठल्या विषाणूंविरुद्धचे घटक असावेत हे दरवर्षी नव्याने ठरतं आणि बहुधा बदलतं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा घटक जाहीर करते: फेब्रुवारीच्या सुमारास उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपल्या पावसाळ्याला सहसा दक्षिण गोलार्धाची त्या वर्षीची लस जवळची पडते, कारण ती आधीच्या सप्टेंबरमध्ये ठरलेली, म्हणजे त्या वेळी मिळणारी सर्वांत ताजी असते. खोक्यावर वर्ष आणि 'एसएच' (दक्षिण गोलार्ध) किंवा 'एनएच' (उत्तर गोलार्ध) असं छापलेलं असतं. ऑर्डर देताना आणि माल उतरवून घेताना, दोन्ही वेळा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मागच्या हंगामाचा उरलेला साठा स्वस्तात देऊ करणारा पुरवठादार भेटू शकतो. तो घेऊ नका.

यादी मस्टरवरून करू नका

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि सर्वांत जास्त घाई इथेच केली जाते. एचआरकडे मस्टर, म्हणजे हजेरीपट, मागितलं की त्यात डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, ऑफिस येतं. ठेकेदाराकडची माणसं त्यात नसतात. विषाणूला मात्र मस्टरशी काही देणंघेणं नाही. केसपेपरच्या खिडकीवरचा मुलगा, गेटवरचे सुरक्षारक्षक, आयसीयूत फरशी पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, रुग्णाचं ताट खाटेपर्यंत नेणारा कँटीनचा मुलगा, लाँड्री, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, एक्स-रे, लॅबचे रक्त गोळा करणारे: हे सगळे दिवसभर रुग्णांच्या हाताच्या अंतरावर असतात. इंटर्न आणि नर्सिंगचे विद्यार्थीसुद्धा. त्यांची पोस्टिंग बदलते, म्हणून कुणाच्याच यादीत ते सापडत नाहीत.

दोन दिवस काढा आणि तिन्ही ड्युट्यांना प्रत्येक मजल्यावर फिरून, दिसेल त्या माणसाचं नाव, विभाग, कुणाकडून पगार आणि सध्याची ड्युटी एवढं वहीत लिहा. फिरताना सहज विचारा, "मागच्या वर्षी घेतली होती का? नाही तर का?" ते कारण त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. पुढचं निम्मं काम त्या रकान्यातून निघतं.

साहेबांकडून लेखी काय घ्यायचं

पहिली गोष्ट, लस मोफत आणि सगळ्यांना, ठेकेदाराच्या माणसांसह. बाहेर ही लस साधारण दीड-दोन हजारांना पडते. मावशींच्या पगारात ते बसत नाही, आणि ठेकेदार स्वतःहून देईल याची वाट बघण्यात पावसाळा निघून जातो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयात काम करणाऱ्यांना ही लस सुचवलेली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना प्राधान्य गटात ठेवलं आहे. प्रस्तावात हे लिहा. सरकारी रुग्णालयात असाल तर जिल्हा पातळीवरून किती डोस येणार आहेत हे आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. "लस घेतली आणि ताप आला तर खाडा पडेल, सिस्टर." रोजावर काम करणाऱ्या बाईच्या तोंडचं हे वाक्य म्हणजे लसीची भीती नाही, तिच्या महिन्याचा हिशोब आहे. एका खाड्याचे पैसे कापले जातात आणि लागोपाठ दोन झाले तर ठेकेदार दुसरीला बोलावतो. लसीनंतरच्या एका दिवसाची रजा लागली तर ती भरपगारी धरावी, असं पत्र ठेकेदाराला प्रशासनाकडून गेलं पाहिजे. प्रत्यक्षात अशी रजा फार थोड्यांना लागते. पण ते पत्र निघाल्यावर आमच्याकडे सफाई विभागातली माणसं जितक्या मोकळेपणाने पुढे आली, तितकी कुठल्याही भाषणाने आली नव्हती.

शंका: आधी ऐका, मग एकच उत्तर द्या

वॉर्डात 'इन्फ्लुएन्झा' हा शब्द वापरून उपयोग होत नाही. 'फ्लू' म्हटलं तर लोकांना साधी सर्दी वाटते. 'स्वाइन फ्लू' म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना कळतं. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. तेव्हा पुण्यातल्या नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या तपासणीच्या रांगा, बंद झालेल्या शाळा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारं शहर ज्यांनी पाहिलं, त्यांना जास्त सांगावं लागत नाही. २०१५ मध्ये देशभरात ४२ हजारांहून जास्त रुग्ण आणि जवळपास ३ हजार मृत्यू नोंदले गेले. स्वाइन फ्लूचा तोच विषाणू, एच१एन१, आता दरवर्षी येणाऱ्या फ्लूचा भाग झाला आहे आणि या लसीत त्याच्याविरुद्धचा घटक असतो. "ही स्वाइन फ्लूची लस का?" असं विचारलं तर सरळ हो म्हणा. मग सांगा, की तिच्यात फ्लूचे एच३एन२ आणि बी हे प्रकारही आहेत.

"लस घेतली आणि मलाच फ्लू झाला." हे तुम्ही प्रत्येक मजल्यावर ऐकाल. त्यावर "शक्यच नाही" म्हणून विषय तोडू नका, समोरच्याला खरंच बरं नव्हतं. इंजेक्शनच्या लसीत विषाणू मारलेला असतो, त्याचे फक्त भाग असतात, त्यातून फ्लू होऊ शकत नाही. पण हात दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप हे एक-दोन दिवस होऊ शकतं. शिवाय संरक्षण तयार होण्याआधीच्या दोन आठवड्यांत खरा फ्लू लागू शकतो, आणि सर्दी-खोकल्याचे इतर कितीतरी विषाणू आहेत ज्यांच्यावर ही लस नाही. हे तिन्ही समजावून सांगा, घाई करू नका.

"घेऊनही होतो, मग कशाला?" इथे खरं बोला. लसीतले घटक त्या वर्षी पसरलेल्या विषाणूंशी जुळले तर ही लस फ्लूसाठी डॉक्टरकडे जाण्याची वेळ येण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. शंभर टक्के नाही. घेतलेल्याला झालाच तरी गंभीर होण्याचा धोका कमी राहतो. मी तर आकडा सांगून लगेच विचारते, "निम्मा धोका कमी होत असेल तर सोडायचा का?"

"मी वीस वर्षं इथे आहे, मला काही होत नाही." असं म्हणणाऱ्या ज्येष्ठ सिस्टरना त्यांच्या तब्येतीबद्दल काही पटवू नका. लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून माणूस फ्लू पसरवू शकतो, एवढंच सांगा, आणि मग त्यांच्याच वॉर्डातल्या रुग्णांबद्दल बोला: एनआयसीयूतलं (नवजात बाळांच्या आयसीयूतलं) बाराशे ग्रॅमचं बाळ, केमो चालू असलेले काका, डायलिसिसला आठवड्यातून तीनदा येणाऱ्या आजी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याच्याभोवतीच्या माणसांनी घेतली तेवढाच त्याचा आडोसा.

गरोदर सिस्टर बहुतेक वेळा स्वतःच मागे सरकतात. उलट त्यांनी आधी घ्यायला हवी. गरोदरपणात फ्लू जास्त गंभीर होतो, आणि इंजेक्शनची लस कुठल्याही महिन्यात देता येते. आईची प्रतिपिंडं बाळालाही मिळतात. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायचं असेल तर त्याच दिवशी फोन लावून द्या, "विचारून या" म्हणून परत पाठवू नका.

अंड्याचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. माळकरी मामा विचारतात, जैन सिस्टर विचारतात. उत्तर लपवू नका: बहुतेक फ्लूच्या लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग तो शुद्ध करतात, आणि अंड्यातल्या प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश राहू शकतो. हे सांगितल्यावर काही जण घेतात, काही घेत नाहीत. मी एकदा हे गुळमुळीत सांगितलं होतं, नंतर त्यांना दुसरीकडून कळलं, आणि त्या विभागातला विश्वास परत मिळवायला मला पुढचं पूर्ण वर्ष लागलं. अंड्याच्या अ‍ॅलर्जीबद्दलची काळजी मात्र आता बरीच सैल झाली आहे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२३ पासून त्यासाठी वेगळी खबरदारी सांगणं बंद केलं आहे.

"आज संकष्टी आहे, चालेल का?" चालेल. पाणी प्यायला लावा आणि बसवून द्या, उपाशीपोटी चक्कर येणारे खूप असतात.

"पूर्वी चार प्रकारांची होती, आता तीनची का?" असं एखादा रेसिडेंट विचारेल. बी गटातली यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेली नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ती वगळायला सांगितली. तीनची लस कमी प्रतीची नाही.

एक सल्ला, पोस्टरवर काय घालू नये याचा. कर्मचाऱ्यांना लस दिल्याने रुग्णांचे मृत्यू किती कमी होतात, यावर ग्लासगोच्या दीर्घ मुक्कामाच्या वृद्ध रुग्णालयांतला २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला जातो. तिथे लस देऊ केलेल्या रुग्णालयांत मृत्यू १३.६ टक्के आणि इतर ठिकाणी २२.४ टक्के होते. पण अशा अभ्यासांच्या भक्कमपणावर नंतर शास्त्रज्ञांनीच प्रश्न उभे केले. डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये हे दोन्ही मांडा. एकच आकडा मोठ्या अक्षरात छापलात, तर वाचणारा एखादा फिजिशियन सगळ्यांसमोर तुम्हाला अडवेल आणि त्याचं बरोबर असेल.

ट्रॉली वर न्या

टेबल मांडून वाट बघायची नाही. एक ड्रेसिंग ट्रॉली, व्हॅक्सिन कॅरियर, सुया-कापूस, शार्प्सचा डबा, नोंदवही, इमर्जन्सी ट्रे. सोबत लस देणारी एक आणि लिहिणारी एक. वेळ ठरवायची ती ओव्हरची, म्हणजे एक ड्युटी दुसरीकडे काम सोपवते तेव्हाची: सकाळी साडेसात, दुपारी दोन, रात्री आठ. त्या अर्ध्या तासात दोन ड्युट्यांची माणसं एकाच ठिकाणी भेटतात. पण ओव्हर चालू असताना मध्येच शिरू नका. इनचार्ज सिस्टरना आदल्या दिवशी भेटून वेळ घ्या, त्यांच्या वॉर्डात त्यांच्याशिवाय काही हलत नाही. शक्य असेल तर पहिली लस त्यांनाच द्या, सगळ्यांसमोर.

नाइट ड्युटीसाठी निदान दोन रात्री स्वतः थांबा. रात्री दहाच्या पुढे वॉर्ड जरा शांत होतो, तेव्हा मावशी-मामा, सिक्युरिटी, लिफ्टमन सगळे सापडतात, आणि दिवसा कधीच न विचारलेले प्रश्न विचारतात. माझी सर्वांत चांगली संभाषणं रात्री अकरा ते एकच्या मध्ये, जिन्यात झाली आहेत. ओटीसाठी (ऑपरेशन थिएटरसाठी) सकाळी पहिली केस लागायच्या आधी जा. वरिष्ठ डॉक्टरांकडे त्यांच्या ओपीडीत, शेवटचा पेशंट बाहेर पडल्यावर.

कुठल्या दंडावर द्यायची ते विचारून घ्या. मॉप ओढणारीला उजव्या हाताला दिली तर दुसऱ्या दिवशी तिला दर फेऱ्याला लस आठवते. ज्या हाताने काम कमी त्या हाताला द्या, आणि जमेल तिथे सुटीच्या आदल्या दिवशी.

प्रत्येक विभागातून एक माणूस बरोबर घ्या, पदाने मोठा नव्हे तर ज्याचं बाकीचे ऐकतात असा. आमच्याकडे सफाई विभागात त्या लिफ्टजवळच्या मावशीच पुढे झाल्या. मी अर्धा तास बोलून जे होत नाही, ते त्यांच्या "मी घेतली, काय झालं मला?" या एका वाक्याने होतं.

फ्रीज, सुई, पंधरा मिनिटं

लस २ ते ८ अंशांत, गोठू द्यायची नाही. गोठलेली लस पुन्हा पातळ झाली तरी फेकायचीच. फ्रीजच्या दारात किंवा फ्रीझरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तापमान दिवसातून दोनदा लिहा, आणि त्या फ्रीजमध्ये कुणाचा डबा असता कामा नये. कॅरियरमध्ये बर्फाचे पॅक थेट फ्रीझरमधून घालू नका. बाहेर ठेवून पॅकवर पाणी सुटलं आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की मग घाला.

डोस ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत, देण्याआधी सिरिंज हलवून. त्याआधी चार प्रश्न: आज ताप आहे का? आधी फ्लूच्या लसीने गंभीर अ‍ॅलर्जी झाली होती का? लसीनंतर सहा आठवड्यांत कधी गियाँ-बारे (हातापायांत लुळेपणा आणणारा मज्जातंतूंचा आजार) झाला होता का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? ताप असेल तर बरं झाल्यावर या म्हणा. नुसती सर्दी असेल तर द्या. गंभीर अ‍ॅलर्जी किंवा गियाँ-बारेचा इतिहास असेल तर तिथे निर्णय घेऊ नका, फिजिशियनकडे पाठवा. गोळी चालू असणाऱ्याला द्या, फक्त जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरायला सांगा.

नंतर पंधरा मिनिटं नजरेसमोर बसवा. "मला कामं आहेत" म्हणून उठणाऱ्या सिस्टरलाही. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्याला होते, पण ट्रॉलीवर अ‍ॅड्रेनालिन हवंच: १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते कुठे आहे हे सोबतच्या दोघींनाही डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. वहीत बॅच नंबर आणि मुदत न चुकता लिहा. काही गंभीर झालं तर जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना कळवताना पहिला प्रश्न बॅचचाच येतो.

नको म्हणणाऱ्यांचं

अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची केली आणि प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर नेलं. तुमच्याकडेही एखादे साहेब म्हणतील, आपणही सक्ती करू. माझं मत विचाराल तर करू नका. आपल्याकडे सक्तीचा दांडा सर्वांत आधी पडतो तो ठेकेदाराच्या माणसावर, ज्याला नाही म्हणायची सोयच नाही. वरिष्ठ डॉक्टर मात्र न घेताच राहतात.

त्याऐवजी नको म्हणणाऱ्याकडून एक चिठ्ठी भरून घ्या: धोका समजला, आत्ता घेत नाही, कारण अमुक. खाली एक ओळ ठळक असू द्या, "विचार बदलला तर केव्हाही या." ती चिठ्ठी तुमच्या कपाटात राहील, एचआरकडे जाणार नाही, हे सांगा आणि पाळा. नावं नोटीस बोर्डावर लावू नका. वॉर्डनिहाय आकडे लावा, तेही रोज, म्हणजे बालरोगच्या इनचार्ज मेडिसिनच्या आकड्याकडे बघून आपली उरलेली चार नावं स्वतःच शोधतात.

लस घेतली म्हणून ताप अंगावर काढून ड्युटीला येणं चालणार नाही, हेही त्याच दमात सांगत राहा. मास्क आणि हात धुणं लसीनंतरही तसंच.

जूनचा शेवट

आता वही घेऊन बसा. एकूण माणसांत ठेकेदाराची माणसं मोजली आहेत ना, हे आधी बघा. ती वगळली तर टक्केवारी छान दिसते आणि खोटी असते. प्रत्येक विभागाचा आकडा वेगळा काढा. एकूण ८० टक्के दिसतात आणि सिक्युरिटीत फक्त तिघांनी घेतलेली असते, असं होतं. राहिलेल्यांपैकी कोण रजेवर होतं, कोण तापाने परत गेलं, कोण नाइटला सापडलं नाही, हे वेगळं लिहून त्यांच्यासाठी थोडे डोस राखून ठेवा. जुलैत नवे इंटर्न किंवा नवे सिक्युरिटी गार्ड रुजू झाले तर त्यांनाही द्या, उशीर झाला म्हणून सोडू नका. उरलेले डोस पुढच्या वर्षासाठी ठेवायचे नाहीत, घटकही बदलू शकतात आणि मुदतही संपेल. किती उरले तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, फेब्रुवारीत ऑर्डर देताना तोच लागतो.